धडा दहावा

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या पुस्तकात 'आपत्ती व्यवस्थापन' हा धडा दहावा आहे. दहावा म्हणजे शेवटचा. हे पुस्तक २०१८ साली आलं, तेव्हापासून आपत्ती बारा महिने येतात आणि धडा मात्र जानेवारीच्या अखेरीस येतो. तोवर सराव परीक्षा तोंडावर आलेली असते, आनुवंशिकतेच्या आकृत्या पुन्हा काढून घ्यायच्या असतात, प्रयोगवह्यांवर सह्या व्हायच्या असतात. मग विज्ञानाचा मास्तर घड्याळाकडे बघून म्हणतो, "हा सोपा आहे, घरी वाचून घ्या." पोरं घरी जातात. सगळे धोके तिथंच असतात.

आमच्या परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आम्ही छाती काढून सांगतो. दुसरी, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी', ही बाहेरचे लोक आम्हाला सांगतात. आम्ही ऐकून घेतो आणि वागतो मात्र तिच्याप्रमाणेच. ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबताना, पुलावरून पाणी वाहत असताना फटफटी पुढं घालताना, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून कापसावर फवारा मारताना मनात हाच हिशेब असतो. जमलं तर जमलं. नाही तर परभणी आहेच, तिथं सिव्हिल हॉस्पिटल आहे.

मी या जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. शहरातल्या शाळेत सुरक्षेचं शिक्षण म्हणजे मुलांना धोक्याची ओळख करून देणं. इकडं ती ओळख जुनी असते, घरोब्याचीच म्हणा ना. नववीतला पोरगा रात्री थ्री फेज आली की बापाबरोबर पाणी द्यायला जातो, अनवाणी, चिखलातून, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरं. दिवाळीच्या सुटीत तो सोयाबीनच्या मळणी यंत्रावर पेंढ्या टाकायला उभा असतो. मुली कापूस वेचायला जातात, सरपणाच्या ढिगात हात घालतात. गावातल्या डीपीवरचा फ्यूज उडाला की लाईनमनची वाट न बघता तो टाकणारा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. त्याला अजून काही झालेलं नाही, हीच त्याची पदवी. आमच्या वर्गातली निम्मी पोरं मोठेपणी तेच व्हायचं म्हणतात. अशा वर्गासमोर उभं राहून "विजेपासून सावध राहावे" हे वाक्य वाचून दाखवायला फार धीर लागतो.

पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाची शासकीय उतरंड असते. २००५ च्या कायद्यानुसार वर राष्ट्रीय प्राधिकरण, मग राज्याचं, मग जिल्ह्याचं, आणि जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पोरांना ही उतरंड तोंडपाठ. पण घरातली उतरंड वेगळी. तिच्यात सगळ्यात वर आबा, मग बाप, मग चुलता, मग माय, आणि तळाशी दहावीतलं पोरगं. धोक्याचं ज्ञान तळाशी आणि धोका पत्करण्याचा अधिकार माथ्यावर. मला या विषयात जी काही अडचण दिसली ती एवढीच. बाकी विज्ञान सोपं आहे.

मोटारसायकलचंच घ्या. मोटार वाहन कायद्यानं दुचाकीवर चालवणारा आणि मागं एक, एवढेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं. हे मी वर्गात अगदी कलमासकट सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात एक फटफटी थांबली. टाकीवर धाकटा भाऊ, मग वडील, मग बहीण, सगळ्यात मागं, नंबरप्लेटच्या जरा वर, माझा विद्यार्थी. मी नुसतं बघितलं. तो खाली उतरला आणि म्हणाला, "सर, मी बापाला नियम सांगितला होता." मग? "त्यो म्हणला, बरोबर हाय, मग तू उतर."

यावर मला उत्तर सुचलं नाही. शाळा त्याच्या गावापासून लांब, एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, आणि पोरगा उतरला तर त्याचं शिक्षणच उतरतं. सुरक्षेचे नियम लिहिणाऱ्यांच्या घरी बहुधा एकेका माणसामागं एकेक वाहन असावं.

मग मॉक ड्रिल. बादल्या रंगवून झाल्या. लाल बादलीवर पांढऱ्या अक्षरात 'आग' लिहिलेलं असतं आणि आत वाळू असावी अशी अपेक्षा असते. तपासणीच्या आदल्या दिवशी ती असते. आग विझवायचं नळकांडं चोरीला जाऊ नये म्हणून कुलपात होतं, ते बाहेर काढलं. धोक्याची घंटा नेहमीपेक्षा लांब वाजवायची असं ठरलं. पण आमची सुटीची घंटाही लांबच असते, शिपायाचा आनंद तिच्यात मिसळलेला असतो. घंटा झाली आणि दीड मिनिटात इमारत रिकामी झाली. कागदावर हा विक्रम ठरावा. जमायची जागा मैदानातल्या लिंबाखाली होती. तिथं मुख्याध्यापक, शिपाई आणि मी असे तिघे उभे होतो. बाकीची शाळा दप्तरासकट घरी पोचली होती. अहवालात 'विद्यार्थी सुरक्षित स्थळी पोहोचले' असं लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं.

भूकंपाचं मात्र कुणी हसण्यावारी नेत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं. सुमारे दहा हजार माणसं गेली. आजच्या पोरांचे आईबाप तेव्हा लहान होते, त्यांनी मोठ्यांच्या तोंडून ते इतक्या वेळा ऐकलं आहे की ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखंच सांगतात. माणसं मेली ती जमीन हलली म्हणून कमी आणि डोक्यावर माळवद होतं म्हणून जास्त. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडं आणि त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली पांढरी माती. उन्हाळ्यात या घरात गारवा असतो, त्या रात्री त्याच मातीनं घरं बुजवली. मार्च २०२४ मध्ये, २१ तारखेला, सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहा-अकरा मिनिटांनी दुसरा. आमच्याकडेही भांडी वाजली. जुलैच्या १० तारखेला सकाळी पुन्हा तेवढाच. लोक घराबाहेर पळाले ते बरोबरच केलं. मात्र त्यातले काही मोबाईल आत राहिला म्हणून परत घरात गेले, कारण 'जाणवलं का?' हे ग्रुपवर टाकायचं होतं.

पुस्तकी सल्ला असा की, खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा. हे मी पाचवीच्या वर्गावर बदली तासाला सांगितलं. वर्ग सतरंजीवर बसलेला. एका मुलीनं हात वर केला. "सर, टेबल एकच हाय. तुमचं." मग आम्ही असं ठरवलं की दप्तर डोक्यावर घ्यायचं आणि भिंतीपासून, खिडकीपासून लांब बसायचं. दप्तरांचं वजन पाहता त्याखालीही इजा होऊ शकते, पण निजामकालीन शाळाखोल्यांच्या कौलापेक्षा मराठी बालभारती बरी.

आता वीज. आकाशातली. जून लागायच्या आधीच्या वळवात आणि नंतर परतीच्या पावसात, दुपारी तीन-चारच्या पुढं आमच्याकडे ती हमखास येते, आणि नेमकी त्याच वेळी सगळी माणसं शेतात असतात. मराठवाड्यात दरवर्षी माणसं जातात, जनावरं तर किती तरी. हा विषय मी जीव तोडून शिकवतो. नववीत ध्वनीचा वेग शिकलेला असतो, तो इथं कामाला येतो. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा, गडगडाट ऐकू आला की थांबा, आकड्याला तिनानं भागा. तितक्या किलोमीटरवर वीज आहे. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर पक्क्या घरात जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तीस सेकंद मोजायचे का तवर पळायचं?" इतका चांगला प्रश्न मला प्रशिक्षणातल्या कुणी तज्ज्ञानंही विचारलेला नाही. पळता पळता मोजायचं, असं मी सांगितलं.

झाडाखाली थांबू नका हे सगळ्यांना पाठ असतं, पण का, ते सांगितल्याशिवाय पोरांना पटत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. वीज झाडावर पडते आणि मुळांतून जमिनीत पसरते. जमिनीत दोन ठिकाणी विजेचा दाब वेगळा असतो. एक पाय इथं आणि एक तिथं असला की वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. म्हणून उघड्यावर सापडलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, त्याला पाय जुळवता येत नाहीत. म्हणून झाडाला बांधलेली बैलजोडी जाते आणि शेजारी उभा असलेला माणूस कधी कधी वाचतो. हे सांगितलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. ज्यांच्या घरची जोडी तशी गेली होती त्या पोरांना पहिल्यांदाच कारण कळत होतं.

घरी मात्र या ज्ञानाची गाठ आजीशी पडते. आजीचं विजेचं शास्त्र स्वतंत्र आहे. पायाळू माणसावर वीज पडते, हे त्यातलं पहिलं कलम. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. पाठीत उसण भरली की त्याचीच लाथ मागतात, जमिनीतलं पाणीही त्यालाच दिसतं म्हणे, आणि आभाळ गरजलं की त्यालाच कोपऱ्यात बसवतात. एवढा उपयोगी माणूस आणि ही वागणूक! गारा पडायला लागल्या की अंगणात विळा नाही तर कुऱ्हाड फेकायची, हे दुसरं कलम. मोबाईल वीज खेचतो, हे तिसरं, ते अलीकडं समाविष्ट झालं. एक पोरगी म्हणाली, "सर, मी सेकंद मोजायला मोबाईल काढला तर आजी म्हणली, ठेव ते खाली, मरशील." हातातला मोबाईल वीज ओढून घेत नाही, तारेचा जुना फोन मात्र त्या वेळी वापरू नये. पण मी तिला सांगितलं, आजीशी मोबाईलवरून वाद घालू नकोस. ती तुला घरात बसवते आहे ना? मग कारण चुकलं तरी तिचं उत्तर बरोबर आहे. गणितात असं चालत नाही, आजीच्या बाबतीत चालवून घ्यावं. पायाळूलाही कोपऱ्यात बसू द्यावं. फक्त बाकीच्यांनाही बसवावं.

पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' अ‍ॅप विजेची आधी सूचना देतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. दोन्ही गोष्टी पोरांना माहीत असतात. विद्यापीठ १९७२ पासून सांगतंय, आबा त्याच्या आधीपासून आभाळ बघताहेत. सेवाज्येष्ठतेचा प्रश्न येतो.

सापाचं थोडक्यात सांगतो. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे चार ओळखायचे. यातली मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे म्हणतात, काही तरी उलटसुलट खाल्लं असेल. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी, एवढ्यानं मण्यार बरीचशी टळते. चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हातपाय न हलवता सरकारी दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा. गावाकडं आधी मारुतीच्या पारावर नेतात. मी पोरांना मारुतीच्या विरोधात एक शब्द सांगितलेला नाही. चालत्या गाडीतून हात जोडा, एवढंच सांगतो. जो एका रात्रीत डोंगर आणू शकला त्याला उशिराचं गांभीर्य आपण काय समजावणार.

विंचवाच्या बाबतीत तर आमच्या मराठवाड्याला अभिमानानं सांगण्यासारखं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले. त्यांनी कोकणात महाडकडं लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार बसवला, 'लॅन्सेट'मध्ये छापून आणला, आणि एके काळी बघता बघता जाणारी माणसं वाचू लागली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोरांना मी हे आवर्जून सांगतो, कारण धोक्याकडं बघायच्या दोन रीती असतात. एक डीपीवरच्या त्या माणसाची, आणि दुसरी ही. टाळ्या मात्र वर्गात अजून डीपीवाल्यालाच जास्त पडतात.

आता फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. त्या वर्षी कापूस डोक्याच्या वर वाढला होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती, अंगावर धड कपडे नव्हते. आमच्याकडेही कापूसच. पंपाचं नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं, ही पद्धत इतकी रुळली आहे की तसं न करणारा नवखा समजला जातो. औषध संपलं की डबा विसळून त्यात रॉकेल नाही तर बी ठेवायचं, हा काटकसरीचा भाग.

प्रत्येक डब्यावर एक चौकोन उभा असतो आणि त्यातला खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्यावर कवटीही असते. मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. पोरांना विचारलं, हिरवा म्हणजे काय? "सिग्नल चालू!" आमच्या तालुक्यात एकही सिग्नल नाही, तरी हे ज्ञान आहे. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, बिनविषारी नव्हे, हे पटवायला एक तास गेला.

पण पोरांना पटून काय उपयोग? नोझल फुंकणारं तोंड घरी आहे. आणि घरी पोराचा शब्द चालत नाही. मग माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे पोराचा शब्द चालत नसला तरी मार्काचा चालतो. मार्क म्हटलं की आबासुद्धा चष्मा शोधतात. दहावीला विज्ञानाच्या शंभर मार्कांत ऐंशी लेखी आणि वीस शाळेच्या हातात. तेव्हा मी दहावा धडा उचलला आणि जूनमध्ये पहिला घेतला. पुस्तकाचा क्रम बदलायला कुणाची परवानगी लागते का ते मी विचारलं नाही. गृहपाठ दिला. घरातल्या औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण वहीत त्याच रंगात काढा. डबा कुठं ठेवला आहे ते लिहा. फवारताना वारा कुठून होता ते फवारणाऱ्याला विचारून लिहा. खाली पालकांची सही आणा, दहा मार्क.

उत्तरं आली. डबा कुठं आहे? 'देवघराखाली.' 'पिठाच्या डब्याशेजारी.' 'बाजेखाली, धाकट्याचा हात पोचत नाही म्हणून.' धाकटा बाजेखालीच खेळतो हे लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं, वहीत लाल शाईनं विचारल्यावर आलं. एकीनं लिहिलं, 'पप्पांना वारा विचारला तर ते म्हणाले, तोंडावर होता. मग म्हणाले, हे लिहू नको.' तिनं ते सगळंच लिहिलं होतं आणि खाली सही पप्पांचीच होती. पुढच्या आठवड्यात आणखी एक पोरगा सांगत आला, बापानं नोझलसाठी जुना दातांचा ब्रश पंपाला दोरीनं बांधून टाकलाय. काही सह्या पोरांनीच मारल्या होत्या. त्याही मी चालवून घेतल्या, कारण सही मारायला बसलेल्या पोरानं निदान प्रश्न तरी वाचलेला असतो.

तेव्हापासून मी सुरक्षा अशीच शिकवतो. मळणी यंत्राच्या पट्ट्याला जाळी आहे का, आकृती काढा. काम करणाऱ्यांपैकी कुणाच्या गळ्यात उपरणं, ओढणी मोकळी होती, नावं नकोत, संख्या लिहा. गॅसचा वास आला तर फोन कुठं? १९०६, भिंतीवर लिहा आणि आईची सही आणा. पुलावरून गुडघाभर पाणी वाहत असताना पलीकडं जायचं का? सप्टेंबर २०२४ च्या पहिल्याच आठवड्यात परभणी, हिंगोली, नांदेडात जो पाऊस झाला त्यात हा प्रश्न रोज दारात होता. वाहतं पाणी घोट्याच्या वर आलं की माणसाचा पाय सुटू शकतो, फूटभर आलं की लहान मोटारही सरकते. पण पुलाच्या दोन्ही बाजूंना बघे उभे असतात, आणि परभणीचा माणूस पाण्यापेक्षा बघ्यांमुळं जास्त वाहून जातो. या गृहपाठाला मी बघ्यांचीही सही मागावी म्हणतो.

फटफटीवरच्या त्या कुटुंबाचं काही जमलेलं नाही. त्याला गृहपाठ पुरत नाही, त्याला वेळेवर एस.टी. लागते.

तर परभणीकर वाचकहो, आणि बाहेरचेही, तुमच्या घरातलं दहावीचं पोरगं वही घेऊन आलं आणि म्हणालं, "आबा, मार्काचं हाय, डबा दाखवा," तर हातातलं काम ठेवा आणि दाखवा. लेबल त्याच्याकडून वाचून घ्या, शेवटच्या ओळीपर्यंत. अक्षर फार बारीक असतं. शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगं आहेत, मागितली तर देतात.